बसायच्या जागेसाठी नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय नगरविकास मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

नव्या वस्तीच्या आराखड्यात वाचनालयासाठी किंवा छोट्या सभागृहासाठी जागा मागितली, की ‘लोकांना भेटायला कॅफे आहेतच’ असे उत्तर अनेकदा ऐकू येते. हे गृहीत धरणे चूक आहे, असे मला वाटते. कॉफीच्या साखळी-दुकानांत माणसे आजही जमू शकतात. मात्र त्यांनी तेथे जमावे की नाही, हे कंपनी ठरवते, आणि तिचा निर्णय केव्हाही बदलतो.

कॉफीगृहांची जुनी परंपरा मी नाकारत नाही. लंडनमधील पहिले कॉफीगृह १६५२ मध्ये सुरू झाले आणि पुढे एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीगृहात जमणाऱ्या जहाजमालक व व्यापाऱ्यांमधून आजचा लॉइड्स हा विमाबाजार उभा राहिला. तेथील चर्चांची धास्ती घेऊन दुसऱ्या चार्ल्स राजाने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला, पण विरोध इतका झाला की अंमल सुरू होण्याआधीच तो मागे घ्यावा लागला. १९८९ मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी घर आणि कामाचे ठिकाण यांपलीकडच्या अशा जागांना ‘तिसरी जागा’ म्हटले. कॉफीची साखळी-दुकाने चालवणाऱ्या स्टारबक्स या अमेरिकन कंपनीने ही कल्पना आपली ओळख म्हणून मिरवली.

त्या ओळखीचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फियातील स्टारबक्सच्या एका दुकानात काही विकत न घेता कोणाची तरी वाट पाहत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय पुरुषांना पोलिसांनी अटक केली. देशभर संताप उसळल्यावर, खरेदी न करताही कोणालाही बसता येईल व स्वच्छतागृह वापरता येईल, असे कंपनीने जाहीर केले. जानेवारी २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेतील दुकानांसाठी हे धोरण रद्द झाले. बसून पिणाऱ्यांना त्याच वेळी चिनी मातीचे मग आणि पेला मोफत पुन्हा भरून घेण्याची सोय मिळाली; म्हणजे खुर्ची परत आली, पण ती गिऱ्हाइकासाठी. कंपनीला तसे करण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि माझी काळजी नेमकी तीच आहे.

गर्दीच्या वेळी अशा दुकानात थोडा वेळ थांबून पाहावे. मोबाइलवरून आलेल्या ऑर्डरींचे, नावांच्या चिठ्ठ्या लावलेले झाकणबंद पेले काउंटरवर रांगेने उभे असतात, ते न्यायला आलेली मुले हेल्मेट न काढताच दाराशी ताटकळतात, आणि आतल्या माणसाची मान पेल्यांवरून वर येतच नाही. रोज येणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना नावाने हाक मारायला त्याला सवड कुठून मिळणार?

तरीही एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. एकट्या बाईला कोणी न हटकता तासभर बसता यावे, उजेड असावा, स्वच्छतागृह धड असावे, एवढे या दुकानांनी पुष्कळ ठिकाणी दिले, आणि सार्वजनिक संस्थांना ते बहुधा जमलेले नाही. म्हणूनच दुकानांवर नवी बंधने घालावीत, अशी माझी मागणी नाही.

माझी विनंती अशी आहे की नव्या वस्तीचा आराखडा मंजूर करताना, चालत जाता येईल अशा अंतरावर सार्वजनिक वाचनालय आणि त्याला जोडून बोलत बसण्याची स्वतंत्र खोली असणे बंधनकारक करावे. ही जागा लोक कामावरून परतल्यानंतरही, रात्री उशिरापर्यंत उघडी असावी, कारण दिवे लागणीला कुलूप पडणारे वाचनालय नोकरदाराच्या काहीच कामाचे नाही. तेथे कॉफीचा काउंटर कंत्राटाने चालवायला द्यायलाही हरकत नाही, साखळीतील कंपनीला दिला तरी चालेल. फक्त खुर्चीवर बसण्यासाठी खरेदीची सक्ती करता येणार नाही, ही अट करारातच लिहिलेली असावी आणि ती दाराशी सर्वांना वाचता येईल अशी लावावी.

आपली विश्वासू,
एक नागरिक