डबा तसाच परत येतो

महोदय,
आमच्या घराचं प्लास्टर करणारा मिस्त्री मे महिन्यात एकाच आठवड्यात तीनदा ठिय्यावरून, म्हणजे मजूर रोज सकाळी कामाची वाट पाहत थांबतात त्या नाक्यावरून, रिकाम्या हाती परतला. सायकलला अडकवलेला डबाही न उघडलेला. ऊन असं की कोणी काम काढत नाही; किराणा उधारीवर.

अमेरिकेतही फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या २०२३ च्या पाहणीत ३७ टक्के प्रौढांनी अचानक आलेला ४०० डॉलरचा खर्च पूर्णपणे रोखीने भागवला नसता, असं दिसलं. जर्मनीत मात्र कंपनीतलं काम घटलं, तर बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के रक्कम विम्यातून मिळते. आपल्या महाराष्ट्राने १९७७ सालीच रोजगार हमी कायदा केला, पण तो खेड्यांपुरता. नागपुरातल्या मजुराने काय करावं? बांधकामांवर आकारल्या जाणाऱ्या उपकराचा पैसा बांधकाम कामगारांसाठीच जमा होतो. त्यातून उन्हाळ्यातल्या बुडालेल्या रोजीची निम्मी भरपाई तरी सरकारने द्यावी.

– एक वाचक, नागपूर