मळीच्या रानाबद्दल

कर्नाटकी बेंदराच्या दुसऱ्या दिवशी

चि. प्राजक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, नदीकाठचं मळीचं रान त्या वीटभट्टीवाल्याला देऊन टाक. हे पुराचं सगळं हवामान बदलामुळं आहे, आपल्या हातात काय आहे?" आणि मी फोन ठेवून दिला. राग तुझा आला नव्हता. तू पुण्यात बसून आमचीच काळजी करतेस, हे मला कळतं. पण "आपल्या हातात काय आहे" हे तुझ्या तोंडून ऐकवलं नाही. तुझ्या पप्पांच्या माघारी उताऱ्यावर तुझंही नाव लागलंय. तुझ्या सहीशिवाय मी काही करणार नाही आणि तुला नीट सांगितल्याशिवाय सही मागणारही नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

सोप्यातल्या भिंतीवरच्या खुणा तुला आठवत असतील. 2005 ची खूण आज्जानं काव घेऊन ओढलेली, उंबऱ्याच्या वर वीतभर. 2019 ची तुझ्या पप्पांनी निळ्या ऑइलपेंटनं मारली, ती खिडकीच्या चौकटीला लागते. 2021 ची मी मारली, तिच्याखाली चार बोटं. चौदा वर्षांत एक मोठा पूर, मग दोन वर्षांत दोन. आज्जी अजून म्हणते, नदी कोपली. गावात पारावर म्हणतात, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणानं बुडवलं. वर्गातली पोरं म्हणतात, ग्लोबल वॉर्मिंग. मी तिघांचंही ऐकून घेते. पण वीस वर्षं विज्ञान शिकवलंय, तेव्हा तुला तरी नुसता एक शब्द सांगून मोकळी होणार नाही.

हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. एक अंश सेल्सिअसला साधारण 7 टक्के, हे भौतिकशास्त्र आहे, यात मत नाही. औद्योगिक काळाच्या आधी हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत 280 च्या आसपास होता. आता तो 420 च्या वर गेला आहे. 2011 ते 2020 या दशकात पृथ्वी 1850 ते 1900 च्या मानानं 1.1 अंशानं तापलेली होती, आणि 2024 हे एकटं वर्ष दीड अंशाच्या पुढे गेलं. आपल्या पश्चिमेला अरबी समुद्र. तो तापला की मान्सूनच्या वाऱ्यांना ओल जास्त मिळते आणि ती ओल सह्याद्रीच्या माथ्याला धडकते. पुण्याच्याच उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी सहकाऱ्यांबरोबर 2017 साली दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीनं वाढल्या. आणि गंमत नव्हे, दुःख म्हणून सांगते, त्याच काळात देशाचा पावसाळ्यातला एकूण पाऊस थोडा घटलाच. म्हणजे पाऊस वाढला नाही, त्याची पडायची रीत बदलली. तरण्या-म्हाताऱ्या पावसात पंधरा दिवस झिमझिम पडायचं ते पाणी आता दोन दिवसांत ओतलं जातं आणि मध्ये रान फाकायला लागतं.

2021 च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला. तुझ्या मामाच्या अथणीकडे वर्षभरात साधारण तेवढाच पडतो. ते पाणी कृष्णेत आणि कोयनेत आलं, आणि इकडे आपल्या दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाच्या वर, वेदगंगेवरच्या पाटगाव धरणाच्या वर तेच चाललं होतं. यमगर्णीजवळ वेदगंगेनं हायवे बंद केला तेव्हा तू पुण्याहून निघून कोल्हापुरात अडकली होतीस, आठवतं? 2019 लाही तसंच.

आता आपल्या रानात पाणी कसं चढतं ते बघ, कारण हे पारावरच्या माणसांना पटत नाही. दूधगंगेचं पाणी वरून लोंढ्यानं येऊन रान बुडवत नाही. खाली यडूरकडे, संगमाजवळ, कृष्णा तुडुंब असली की दूधगंगेला पुढं जागाच मिळत नाही, ती मागं फुगते. म्हणून पाणी आधी खालच्या अंगानं, ओढ्यातून, उसाच्या सरीसरीनं गपचूप वर सरकतं. सकाळी बांधाला, दुपारी मोटारीच्या पेटीला, रात्री गोठ्याला. कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड, सदलगा-बोरगाव हे पूल एकामागं एक पाण्याखाली जातात ते त्यामुळंच.

मग अलमट्टी? महाराष्ट्रानं 2019 च्या पुरानंतर वडनेरे समिती नेमली होती. सांगली-कोल्हापूरच्या पुराचं खापर अलमट्टीच्या फुगवट्यावर फोडता येत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. तिनं अतिवृष्टीकडे आणि पूररेषेच्या आतल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवलं. धरणाची पातळी 519.6 वरून 524.256 मीटरपर्यंत न्यायची कर्नाटकाची मागणी आहे, कृष्णा पाणीवाटप लवादानं 2010 साली तिला मान्यता दिली, शिरोळ-सांगलीकरांना तिची धास्ती वाटते, आणि ती धास्ती मला खोटी वाटत नाही. आपण तर दोन्हीकडचे. पाहुणे महाराष्ट्रात दत्तवाडात, रेशनकार्ड कर्नाटकात निपाणीचं. पण एका धरणाचं नाव घेतलं की आपल्याच रानात आपण काय केलं ते विचारायचं राहून जातं. माझं म्हणणं एवढ्यासाठीच.

आपण काय केलं? आज्जीला विचार. आज्जा मळीत पावसाळ्यात काही पेरत नव्हता. पूर येणार, गाळ टाकून जाणार, मग गौरी-गणपतीनंतर वाफसा आला की त्या गाळावर शाळू आणि हरभरा, नुसत्या ओलीवर. एक पाणी द्यायचं नाही. पावसाळ्यात ती जमीन नदीचीच असं तो धरून चालायचा. मग मोटार आली, कारखाना आला, आणि आम्ही त्याच जागी अठरा महिने उभा राहणारा आडसाली ऊस लावला. मोह झाला, खोटं कशाला बोलू. तुझं शिक्षण त्याच उसावर झालं.

2019 ला पूर ओसरल्यावर मी आणि तुझे पप्पा फडात शिरलो. ऊस उभा होता, लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं काही झालंच नाही. मी एक कांडं मोडलं. पानांच्या सुरळीमध्ये गाळ भरलेला, शेंडा ओढला तर हातात आला, कुजलेला, आंबट वासाचा. खालच्या प्रत्येक पेऱ्याला पांढऱ्या मुळ्या आणि बाजूनं डोळे फुटलेले. वरून मेला म्हणून तो कडेनं जगायला बघत होता. असा पांगशा फुटलेला ऊस, त्याचं वजन नाही, साखरेचा उतारा नाही. तुझे पप्पा बराच वेळ ते कांडं हातात धरून उभे होते, काहीच बोलले नाहीत.

पंचनामा झाला, पैसे आले. आपत्ती निधीचा केंद्राचा 2022-23 ते 2025-26 चा दर बागायतीला हेक्टरी 17,000 रुपये, दोन हेक्टरची मर्यादा. एकरी सात हजारांच्या आतच. राज्य कधी वर भर घालतं. 2019 साली पूर्ण पडलेल्या घरांना कर्नाटकानं 5 लाख रुपये जाहीर केले, ते चांगलं केलं आणि कित्येक घरं त्यावर उभी राहिली. पण शेताला मिळतं त्यात बियाण्याचा खर्चही भागत नाही. आणि 2023 ला उलटंच झालं. 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. कर्नाटकातले 223 तालुके दुष्काळी जाहीर झाले, आणि केंद्राची मदत मिळवायला राज्याला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. ज्या रानात दोन वर्षांपूर्वी खिडकीएवढं पाणी होतं, तिथं मी रात्रीच्या लाईटला ऊस जगवायला मोटार चालू करत होते. बुडायचं आणि वाळायचं, दोन्ही एकाच उताऱ्यावर.

एक गोष्ट अजून सलते. 2019 ला धरणातून पाणी सोडल्याची सूचना मोबाइलवर आली ती कन्नडमध्ये होती. मला वाचता येते. पण शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला येत नव्हती, त्यांनी ती जाहिरात समजून सोडून दिली. त्यांची म्हैस दाव्यालाच गेली. मी कुणाशी भाषेचं भांडण काढत नाही, माझ्या शाळेत कन्नड शिकतातच पोरं आणि शिकावीच. पण पुराची सूचना ज्याला समजायला हवी त्याच्या भाषेत यायला हवी. काळम्मावाडीचा विसर्ग आपल्याला आजही कागलच्या आत्तीच्या फोनवरून आधी कळतो, बाकी मागून येतं. दोन राज्यांचे पाटबंधारे अधिकारी आता पावसाळ्यात एकमेकांशी बोलतात, पण ते आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठी-कन्नड दोन्हीत रोज सकाळी लिहिले जावेत. ग्रामसभेत मी दोनदा मांडलं. यंदा पुन्हा मांडणार आहे, आणि नाहीच झालं तर शाळेच्या फळ्यावर मी स्वतः लिहीन.

तू म्हणशील, कार्बन तर मोठ्या देशांनी सोडला. खरं आहे. आपल्याकडचा माणूस जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी सोडतो, आणि ज्यांनी शंभर-दीडशे वर्षं धूर सोडला त्यांनी आधी थांबलं पाहिजे, हे रिओच्या 1992 च्या करारापासून सगळे म्हणतात, करताना मात्र हात आखडतो. भारतानं 2070 पर्यंत निव्वळ शून्याचा शब्द दिलाय. 2025 मध्ये देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-तेल-गॅस सोडून झाला, ठरल्याहून पाच वर्षं आधी. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे, ती अजून बहुतेक कोळशाचीच. हे मी मुलांना दोनदा सांगते, कारण पेपरातल्या मथळ्यात तेवढं सुटतं. तर मोठं काम मोठ्यांनीच करायचं आहे. पण आपण पाचट, म्हणजे ऊस तोडल्यावरचा वाळला पाला, पेटवतो, त्याचा धूर कुठल्या परदेशी माणसाचा नाही. गेल्या दोन वर्षांपासून वरच्या रानात मी खोडव्यात, म्हणजे तोडल्यावर पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट पेटवलेलं नाही. सरीआड सरी पसरून ठेवलं. उन्हाळ्यात पाण्याची पाळी चार-पाच दिवस लांबते, हे डोळ्यांनी बघितलंय. मळीत मात्र ते जमत नाही, पुरात वाहून जातं आणि पुलाच्या कठड्याला अडकून पाणी तुंबवतं.

म्हणून माझं ठरतंय ते असं. मळीत यंदापासून ऊस नाही. नदीच्या अंगाला दोन ओळी बांबू आणि वाळा, बांध धरायला. त्याच्या वर अर्धा एकर हत्तीगवत. चार म्हशी आहेत, वैरण लागतेच, आणि ते थोडं बुडलं तरी पुन्हा फुटतं. बाकी सगळं आज्जासारखं, पूर ओसरला की शाळू-हरभरा. पैसे उसाएवढे मिळणार नाहीत, मी हिशोब केलाय. पण सात वर्षांत दोन फड कुजले, ते धरून बघितलं तर फरक तू समजतेस तेवढा नाही. हिशोबाचं पान सोबत ठेवते, तू बँकेतली आहेस, तपास आणि चुकलं असेल तर सांग. वरच्या रानात ऊस राहील, ठिबकवर. अनुदानासाठी कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात चौकशी केली आहे, कागदांत तुझ्या आधारची प्रत लागते. गोठा वरच्या कट्ट्यावर हलवायचा आहे, त्याला मात्र खर्च येईल.

वीटभट्टीवाल्यानं चांगली रक्कम सांगितली आहे, मी नाकारत नाही. पण तो रान घेत नाही, माती घेतो. शेजाऱ्यांच्या मळीत चार फूट खड्डा पडलाय, आता तिथं मार्चपर्यंत पाणी साचतं आणि आपला बांध त्या अंगानं ढासळतोय. शेकडो पुरांनी एकावर एक आणून ठेवलेला तो गाळ आहे. एकदा भट्टीत गेला की पुढच्या शंभर पुरांनीही तेवढा भरून यायचा नाही. तुला पुण्यात घरासाठी पैसे हवेत, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल आपण वेगळं बोलू, मी मागं हटणार नाही. पण मातीतून नको.

लावणीचे दिवस आलेत, म्हणून उत्तर लवकर कळव. बेणं आणायचं की बांबूची रोपं, हे या पंधरवड्यात ठरायला हवं. सही करायची असेल तर मृगाच्या शेवटाला ये. पाऊस अजून जेमतेम आहे, पण परवापासून घाटाकडं आभाळ दाटतंय. पुढच्या रविवारी गावातले सगळे मिळून नदीवरच्या मोटारी काढणार आहेत, आपलीही काढायला सांगितली आहे. येताना यमगर्णीच्या पुलाची चौकशी करून बस धर, आणि आज्जीची बीपीची गोळी इथं मिळत नाहीये, दोन पाकिटं घेऊन ये.

तुझी,
आई