जन्मठेपेपुढं वर्षांचा आकडा लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फाशी हवी का नको यावर आपल्या पेपरात पत्रं येतायत, सगळी वाचली. एका बाजूला राग आणि दुसऱ्या बाजूला माणुसकी, असंच चाललंय. मला जे म्हणायचंय ते दोन्हीकडं बसत नाही म्हणून लिहायला बसले.

मी कोल्हापूरची. १९९६ साली गावित मायलेकींना पकडलं तेव्हा मी चौथीत होते. पोरं कुठनं उचलायच्या तर देवळातनं, एसटी स्टँडवरनं, जत्रेतनं, गर्दीत आईचा हात सुटला की पोरगं गेलं. चोरीत सापडल्या तर ते पोर पुढं करायचं आणि नकोसं झालं की मारून टाकायचं. आमच्या गल्लीत ती बातमी कुणी मोठ्यानं वाचत नव्हतं, पोरांनी ऐकू नये म्हणून, पण आम्हाला सगळं कळत होतं. त्या वर्षी अंबाबाईच्या रांगेत आईनं स्वतःच्या पदराचं टोक माझ्या मनगटाला गाठ मारून बांधलं होतं, वळ उठला, मी रडले, तरी सोडलं नाही, घरी येऊन उंबरा ओलांडल्यावरच गाठ सुटली. त्यामुळं फाशी मागणाऱ्यांचा राग हिला काय कळणार असं कुणी म्हणू नये.

२००१ मध्ये इथल्या सेशन कोर्टानं दोघी बहिणींना फाशी सुनावली (त्यांची आई तोवर जेलमध्येच वारली होती) तेव्हा आमच्या घरी देवापुढं साखर ठेवली होती. २००४ ला हायकोर्टात फाशी कायम, २००६ ला सुप्रीम कोर्टात कायम. मग दयेचे अर्ज, ती फाईल इकडून तिकडं, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला आणि जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं फाशी रद्द करून जन्मठेप केली. का, तर सरकारी ऑफिसांनी त्या दयेच्या अर्जावर जवळपास आठ वर्षं घालवली होती. गुन्हा कमी वाटला म्हणून नाही, निव्वळ उशीर झाला म्हणून. टीव्हीवरची पट्टी वाचून आई मला म्हणाली, "म्हंजे आता सुटणार व्हय गं त्या?"

माझं सगळं पत्र या एका प्रश्नावर आहे, कारण मला त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही. कायदा बघायला गेलं तर गांधीहत्येत जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं १९६१ सालीच सांगून ठेवलंय की जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, ठराविक वर्षं झाली की सुटायचा हक्क कुणालाही नाही. लोकांच्या डोक्यात जी १४ वर्षं बसलीयत ती वेगळी, ती एवढ्यापुरती की खुनासारख्या गुन्ह्यात त्याआधी सरकारला सोडताच येत नाही. पण १४ नंतर काय? तिथून पुढं सगळं सरकारच्या माफीवर, कोण १६ वर्षांनी बाहेर येतो, कोण २५ वर्षं आत राहतो, आणि ज्याचं माणूस गेलं त्याला आधी काहीच सांगता येत नाही. म्हणून जन्मठेपेवर कुणाचा विश्वास नाही. कोपर्डीत शाळकरी पोरीवर बलात्कार करून तिचा खून झाला त्यानंतर लाखो लोक रस्त्यावर आले, मीही मोर्चात चालले, मागणी फाशीचीच होती, कारण पक्कं वाटावं असं दुसरं काही आपल्याकडं आहेच कुठं.

आणि खरं तर आहे. २००८ पासून सुप्रीम कोर्टानं मधला रस्ता काढलाय, इतकी इतकी वर्षं आणि तोपर्यंत माफी नाही असं निकालातच लिहायचं. खैरलांजीत दलित कुटुंबाच्या हत्याकांडात सहा जणांची फाशी रद्द करताना हायकोर्टानं २५ वर्षं लिहिली. पुण्यातल्या कॉल सेंटरमधल्या मुलीच्या २००७ च्या बलात्कार-खुनाच्या केसमध्ये तर फाशीची तारीखसुद्धा ठरली होती, २४ जून २०१९, ती उशीर झाला म्हणून टळली आणि हायकोर्टानं ३५ वर्षं लिहिली. आकडा लिहिला, पण गुन्ह्याला १२ वर्षं झाल्यावर! कारण २०१५ च्या सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणं हा अधिकार फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाला आहे. खुनाच्या केसमध्ये ज्या सेशन जजसमोर साक्षी होतात, ज्यांना त्या आईबापाचे चेहरे दिसतात, त्यांच्या हातात दोनच गोष्टी, फाशी नाहीतर आकडा नसलेली जन्मठेप. कायद्यात दुरुस्ती करून तो आकडा लिहायचा अधिकार सेशन कोर्टाला द्या, एवढंच माझं मागणं आहे, आणि तो दिला की फाशी काढून टाका.

काढून टाका हे मी दयेपोटी म्हणत नाही. नाशिकची २००३ ची खुनाची केस बघा. भटक्या जमातीतले सहा गरीब लोक. हायकोर्टानं तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या तिघांनाही वाढवून फाशी दिली, आणि २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सहाच्या सहा जणांना निर्दोष सोडलं. डोळ्यादेखत गुन्हा बघितलेल्या बाईनं पोलिसांच्या फोटोंमधून वेगळेच चार जण ओळखले होते आणि ते सरकारी पक्षानं दाबून ठेवलं होतं. सोळा वर्षं गेली, प्रत्येकी पाच लाख भरपाई मिळाली. ती सहा माणसं घरी गेली ती फक्त फाशीला उशीर झाला म्हणून. पुण्यातल्या १९९४ च्या सात खुनांत फाशीची शिक्षा झालेला एक जण गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता हे २०२३ मध्ये सिद्ध झालं, २८ वर्षं आत काढल्यावर. म्हणजे फाशी लवकर द्या म्हटलं तर हे सगळे गेले असते, आणि सावकाश द्या म्हटलं तर गावित केससारखं होतं. यातून तिसरी वाट असली तर कुणीतरी मला दाखवावी.

आपल्या टॅक्सवर कशाला पोसायचं असं खूप जण विचारतात. फाशीवालेसुद्धा वीस-पंचवीस वर्षं त्याच जेलचं जेवतात हो, वर अपील आणि दयेच्या अर्जाच्या फेऱ्या वेगळ्याच.

२००१ मध्ये इथल्या कोर्टानं "अटकेपासून ४० वर्षं, माफी नाही" असं लिहिलं असतं तर आईला बोटं मोजून सांगता आलं असतं, २०३६. ज्यांची पोरं गेली त्यांनाही. परवा देवळाच्या रांगेत एका बाईचं पोरगं हात सोडून पळालं तेव्हा आईनं मला पुन्हा तेच विचारलं, सुटल्या का गं त्या, आणि मी म्हटलं माहीत नाही.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर