सूचना : दाट झाडीतल्या छोट्या कोर्सवर डिस्क गोल्फ (डिस्क फेकत बास्केटमध्ये टाकायचा खेळ) खेळताना

होल (टी ते बास्केट हे अंतर) आखूड आहेत, तेव्हा लांब पल्ल्याचे ड्रायव्हर (वेगवान डिस्क) आणू नयेत. पुरेसा वेग मिळाला नाही की ते लवकर वळतात आणि सरळ खोडावर आदळतात. दोन पटर (जवळच्या थ्रोच्या डिस्क) आणि सरळ जाणारी एक मिडरेंज (मध्यम पल्ल्याची डिस्क) एवढं पुरतं.

टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) बास्केट शोधत बसू नका, आधी झाडांमधली फट निवडा. रनअप नको, उभ्यानेच फेका, जोर निम्म्याहून थोडा अधिक. हातातून सुटताना डिस्कचं नाक (पुढची कड) वर राहिलं तर ती चढते आणि पहिल्याच आडव्या फांदीला लागते. बहुतेक थ्रो इथेच वाया जातात.

झुडपात गेलात तर बास्केटकडे जाणारी टीचभर फट मोहात पाडेल. ती सोडा, फोरहँडने (तळहात पुढे ठेवून फेकत) बाजूच्या फेअरवेवर (मोकळ्या वाटेवर) या. वाटेत येणारी जिवंत फांदी मोडू नये, दाबून धरू नये. ती कमीत कमी हलेल असं उभं राहावं.

डिस्क दिसेनाशी झाली तर शोधायला ३ मिनिटं, मग हरवली समजून १ थ्रोचा दंड. डिस्क कुठे जाते ते फेकणाऱ्याने एकट्याने पाहू नये. एकाने बाजूला, थोडं पुढे उभं राहावं. झाडावर अडकलेली डिस्क पाडायला दुसरी डिस्क फेकू नका, तीही वर राहते.

पुढचा गट बास्केटपासून दूर गेल्याशिवाय थ्रो नाही. डिस्क कुणाच्या दिशेने गेलीच, तर मोठ्याने ‘फोर’ (सावध!) ओरडा.