पांढरी लव गळाली की मारायला मोकळे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च-एप्रिल आला की कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यूफाउंडलँडच्या आसपासच्या तरंगत्या बर्फावर सील या समुद्रातल्या सस्तन प्राण्याची व्यापारी शिकार सुरू होते. माझी मुलगी तिथं सेंट जॉन्सला राहते, म्हणून मला हे जवळून कळलं.

तिच्याकडे गेले असताना तिथल्या एका दुकानात सीलच्या कातड्याचे हातमोजे हातात घेतले होते. चंदेरी राखाडी रंग, त्यावर काळसर ठिपके. "बीटरचं कातडं आहे," दुकानातल्या बाई कौतुकानं म्हणाल्या. बीटर म्हणजे काय, ते मुलीनं घरी आल्यावर सांगितलं. हार्प सील ही सीलची एक जात. तिचं पिल्लू जन्मतं तेव्हा पांढरंशुभ्र असतं. आई त्याला जेमतेम बारा दिवस पाजते आणि निघून जाते. (सीलला आपण सवयीनं मासा म्हणतो. पिलाला अंगावर पाजणारा तो मासा कसा असेल?) तीनेक आठवड्यांत पांढरी लव गळते आणि खालून ती ठिपक्यांची कातडी दिसू लागते. पोहायला शिकताना पिल्लू पाण्यावर हातपाय आपटतं, म्हणून त्याला बीटर म्हणतात. पांढऱ्या पिलांच्या व्यापारी शिकारीवर कॅनडानं १९८७ मध्ये बंदी घातली, तेव्हा प्रश्न सुटला असं जगाला वाटलं. प्रत्यक्षात लव गळायची तेवढी वाट पाहायची. मारल्या जाणाऱ्यांत बहुतेक पिल्लं तीन महिन्यांचीही नसतात.

मारतात बंदुकीनं किंवा हाकापिकनं. हाकापिक म्हणजे लाकडी दांडा, त्याच्या टोकाला लोखंडी हातोडा आणि आकडा. हातोडा कवटी फोडायला, आकडा ओढत न्यायला. डुलत्या होडीतून हलत्या बर्फावरच्या पिलावर नेम धरायचा, तो दरवेळी नीट कसा लागणार? जखमी पिल्लं पाण्यात घसरून जातात, ती कुणाच्या हिशेबात येत नाहीत.

हे थांबू शकतं, याचा पुरावा आहे. २००४ मध्ये कॅनडात साडेतीन लाखांहून अधिक सील मारले गेले. २००९ मध्ये युरोपीय संघानं सीलच्या मालाला बाजार बंद करण्याचा कायदा केला आणि त्याच वर्षी हा आकडा एक लाखाच्या खाली आला. कॅनडा आणि नॉर्वे या बंदीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले, पण २०१४ मध्ये तिथंही बंदीचं मूळ तत्त्व मान्य झालं. भारतानंही २०१८ मध्ये सीलच्या कातड्यांची आयात बंद केली, याचा मला अभिमान वाटतो.

सील कॉड मासा खातात म्हणून त्यांना मारायलाच हवं, असं तिथं अनेकजण सांगतात. पण १९९२ मध्ये कॉडची मासेमारी बंद करावी लागली, ती मुख्यतः माणसानं बेसुमार जाळी ओढल्यामुळे. त्याचं खापर सीलवर फोडणं मला पटत नाही. उत्तरेकडच्या इनुइट लोकांची गोष्ट वेगळी. ते पिढ्यान्पिढ्या सीलवर जगत आले आहेत, युरोपच्या बंदीतही त्यांना सवलत आहे. माझा विरोध त्यांना नाही, कातड्यासाठी आणि तेलासाठी चालणाऱ्या धंद्याला आहे.

तेलाचा उल्लेख मुद्दाम केला. ओमेगा-३ च्या नावानं तिथं सीलच्या तेलाच्या कॅप्सूल विकतात. परदेशातून आई-वडिलांसाठी बाटल्या आणणाऱ्या मुलांनी लेबल वाचावं. गुडघ्यांसाठी म्हणून कुणी मागवत असेल, तर जवसाची चटणी आपल्या घरात आहेच.

आणि ज्या मराठी मुलांनी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांना तिथं मत आहे. शिकारीचे परवाने सरकारनं भरपाई देऊन परत घ्यावेत आणि मच्छीमारांना दुसरं काम उभारून द्यावं, अशी मागणी तिथले प्राणिप्रेमी बरीच वर्षं करत आहेत. माझ्या मुलीनं या मागणीचं पत्र आपल्या खासदाराला पाठवलं आहे. आपल्या वाचकांची मुलं, भाचे, पुतणे तिकडे असतील, तर त्यांनीही पुढच्या हंगामाआधी असं एक पत्र लिहावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)