भात तुडवून कसली शर्यत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी धायरीला राहते, वय ४६, गेली आठ वर्षं डोंगरात पळते. ट्रेल रनिंग म्हणजे डांबरी रस्ता सोडून पायवाटेनं पळायचं, चढ आला की चालायचं आणि उतार आला की गुडघे सांभाळत सुटायचं. रविवारी पहाटे आतकरवाडीतनं सिंहगडाच्या वाटेला लागलं की आमची सगळी मंडळी भेटतात, कुणी एक सिंहगड करतो कुणी तीन. वर ताकवाली मावशी प्रत्येकाला ओळखते, एखादा दोन रविवार दिसला नाही तर तीच विचारते तो उंच पोरगा आजारी आहे का म्हणून.

या पळण्यात माणूस माणसाला सोडत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. दोन वर्षांपूर्वी राजगडाच्या पायथ्याजवळ एका शर्यतीत माझा घोटा मुरगळला. मागनं येणारा पोरगा चांगल्या नंबरात होता, तरी थांबला, स्वतःच्या बॅगेतलं क्रेप बँडेज बांधलं आणि पाऊण तास माझ्याबरोबर चालत वस्तीपर्यंत आला. तिथल्या एका आजींनी मला ओसरीवर बसवलं, आंबेहळद उगाळून गरम लेप लावला आणि पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. घरात तांदूळ निवडायचं काम अर्धं पडलं होतं, ते सोडून त्या माझा पाय धरून बसल्या होत्या.

म्हणूनच मागच्या पावसाळ्यात जे बघितलं ते मनातनं जात नाही. एका शर्यतीचा मार्ग भातखाचरांच्या बांधावरनं आखला होता. बांध अरुंद, पुढे जायची घाई, मग लोक सरळ खाचरात उतरले. नुकतीच लावणी झालेली, रोपं चिखलात आडवी. शेतकरी बांधावर उभा राहून एवढंच म्हणाला, "ताई, तुमची शर्यत झाली, आता हे उभं कोण करणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयोजकांनी गावात आधी साधं विचारलंही नव्हतं आणि वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या प्लॅस्टिकच्या फिती दिवाळीपर्यंत तशाच लोंबत होत्या, खाली पळताना खायच्या एनर्जी जेलची रिकामी पाकिटं, आणि गुरं तिथंच चरतात हो.

आल्प्समध्ये मों ब्लाँ पर्वताला वळसा घालून फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड अशी यूटीएमबी नावाची शर्यत २००३ पासून होते, जवळपास १७० किलोमीटरची. तिथं प्रत्येकाला पाणी प्यायला स्वतःचा कप बरोबर बाळगावा लागतो, कचरा टाकला तर शर्यतीत शिक्षा होते आणि अडचणीतल्या धावकाला मदत करणं नियमातच आहे. आपल्याकडे कप बाळगायला कुणाची परवानगी लागते? शेवटच्या धावकामागनं दोन माणसं पोतं घेऊन चालली, फिती काढत आली तर त्याच संध्याकाळी डोंगर मोकळा होतो. चांगले आयोजक हे करतातही, पण सगळ्यांनी केलं पाहिजे.

आणि गावाला विचारणं हा नुसता शिष्टाचार नाहीये. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारा, पाऊस, बोचरं वारं सुरू झालं, विंडशीटर सक्तीचं नव्हतं, बरेच जण पातळ कपड्यात होते, २१ धावक गेले. त्या डोंगरात सहा जणांचा जीव वाचवला तो एका मेंढपाळानं, स्वतःच्या आसऱ्याच्या गुहेत नेऊन आग पेटवून. आपल्या सह्याद्रीत जुलैमध्ये धुकं उतरलं की दहा फुटांवरचं दिसत नाही, तेव्हा वाट माहीत असते ती तिथल्या धनगराला आणि शेतकऱ्यालाच. त्यांना आपण फक्त पार्किंगवर उभं करतो. मार्ग आखताना त्यांना बरोबर घ्या, कुठला बांध टाळायचा, कुठला ओढा चढतो ते त्यांना विचारा, त्या दिवसाची मजुरी द्या आणि नुकसान झालं तर भरपाई त्याच आठवड्यात हातात ठेवा. आणि धावकांनो, फी भरायच्या आधी आयोजकाला हे चार प्रश्न विचारा, आपण विचारलं नाही तर कोण विचारणार.

आम्ही दहा-बारा जण पुढच्या रविवारी त्या भातखाचरांच्या मार्गावर उरलेल्या फिती काढायला जातोय. पहाटे साडेपाचला आतकरवाडीच्या पायथ्याशी जमून तिथनं पुढे गाड्यांनी. पोती आहेत, येताना एक छोटी कात्री आणा.

– एक वाचक, धायरी, पुणे