इंटरमिजिएट झाली की पेन्सिल खाली का ठेवायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचे पेपर संपले की दरवर्षी पालकांचे फोन सुरू होतात. मुलीला आर्किटेक्चरला घालायचंय, नाटा, म्हणजे आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा, तोंडावर आलीय, कुठला क्रॅश कोर्स लावू ते सांगा. मी आर्किटेक्ट आहे, पहिल्या वर्षाच्या मुलांना ड्रॉइंग शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमीच येतो. पण त्याचं खरं उत्तर फोनवर देता येत नाही म्हणून हे पत्र लिहितेय, कारण जे करायला हवं होतं ते दोन-तीन वर्षं आधी करायचं होतं आणि ते आपल्याकडे शाळेतच होण्यासारखं आहे.

आपल्या राज्यात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा कितीतरी मुलं देतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे सगळं त्यात असतं. आता नाटाचा ड्रॉइंगचा भाग बघा. २०२५च्या परीक्षेत २०० पैकी ८० मार्क या भागाला होते, वेळ दीड तास आणि प्रश्न तीन. एक रंगसंगतीची रचना, एक प्रसंग डोळ्यासमोर आणून काढायचं पेन्सिल स्केच आणि तिसरा म्हणजे तिथे दिलेलं साहित्य वापरून थ्रीडी रचना. म्हणजे पहिला प्रश्न आपलं संकल्पचित्र आणि दुसरा आपलं स्मरणचित्रच की! आठवी-नववीत जे मूल हे मन लावून करत होतं त्याचा पाया तयारच असतो, पण ग्रेडचे वाढीव मार्क दहावीच्या निकालात धरले गेले की पेन्सिल कपाटात जाते, अकरावी सायन्सला ड्रॉइंगचा तासच नसतो, आणि थेट बारावीनंतर हात परत कागदावर येतो तोवर तो आखडलेला असतो.

मग क्लासमध्ये काय होतं, तर मुलांना तयार चित्रं घोटून दिली जातात. बाजाराचं एक, रेल्वे स्टेशनचं एक, बागेतल्या मुलांचं एक. सगळेच क्लास असं करतात असं मी म्हणत नाही, मनापासून शिकवणारे पण आहेत, पण एका महिन्यात त्यांनी तरी काय काय करायचं? आणि प्रश्न थोडा जरी फिरवला, म्हणजे हाच बाजार दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून कसा दिसेल ते काढा असं विचारलं, की पाठ केलेलं चित्र उपयोगी पडत नाही, कारण डोळ्यांची पातळी बदलली की अख्खं चित्र बदलतं.

माझ्या वर्गात मी मुलांना जिन्यासमोर उभं करते आणि समोर दिसतोय तसा काढा म्हणते. बहुतेक जण सगळ्या पायऱ्या सारख्याच काढतात, प्रत्येक पायरीची पाय ठेवायची सपाट बाजू दाखवतात. प्रत्यक्षात ती बाजू फक्त डोळ्यांच्या खालच्या पायऱ्यांची दिसते, वर जाऊ तशी ती पट्टी बारीक होत जाते, डोळ्यांच्या पातळीवर नुसती एक रेघ उरते आणि त्याच्या वर फक्त उभ्या बाजू दिसतात. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पर्स्पेक्टिव्हचा निम्मा धडा झाला, पण बघायची सवय लागायला वेळ जातो. रोज वीस मिनिटं, समोर जे असेल ते, खुर्ची, चपलांचा ढीग, खिडकीतून दिसणारी गल्ली, रबर न वापरता. एवढं अकरावीपासून केलं तर वेगळं फार काही करायला लागत नाही. थ्रीडीसाठी जुनी खोकी कापून, खाचा पाडून तुकडे एकमेकांत अडकवून बघा, वजन कुठे गेलं की रचना कलंडते ते हातालाच कळतं.

उरलेले १२० मार्क कॉम्प्युटरवरचे, ५० प्रश्न आणि दीड तास. त्यात मुलं आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी, प्रित्झकर (आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा पुरस्कार), २०१८ असं पाठ करतात. ठीक आहे, करा, पण दोशी जन्माने पुण्याचे, शिकले मुंबईत जेजेला (सर जे. जे. कलाशाळेत), आणि इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी कुटुंबाबरोबर वाढत जाणारी घरं आखली, हे वाचलं तर नाव आपोआप लक्षात राहील आणि या कामाची गोडीही लागेल.

अजून दोन गोष्टी, कारण यात मुलांचं खरंच नुकसान होतं. एक म्हणजे गणित नको म्हणून आर्किटेक्चर, हा गैरसमज. बी. आर्क.ला बारावीला गणित लागतंच, त्यामुळे अकरावीत गणित सोडलेल्या मुलाचा हात कितीही चांगला असला तरी दार बंद होतं आणि हे त्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. दुसरं, मोठ्या भावंडांचा सल्ला जपून घ्या. कोविडनंतर २०२१ ते २०२३ नाटात हाताने काढायचं ड्रॉइंग नव्हतंच, ते २०२४ला परत आलं, तेव्हा त्या वर्षांत परीक्षा दिलेला ताई-दादा ड्रॉइंगची तयारी नको म्हणाला तर त्याच्या वेळेपुरतं ते बरोबर होतं, आता नाही. ज्या वर्षी परीक्षा द्यायची त्या वर्षीचं माहितीपत्रक काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या साइटवरून काढून स्वतः वाचा. एनआयटी किंवा दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याच्या एसपीएला (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) जायचं असेल तर जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर वेगळा असतो, त्यातही ड्रॉइंग कागदावरच काढायचं असतं.

माझी विनंती ज्युनियर कॉलेजांना आहे. अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांसाठी आठवड्यातून एक तास ड्रॉइंगचा ठेवा, ऐच्छिक ठेवा हवं तर. बऱ्याच ठिकाणी त्याच संस्थेच्या शाळेत कलाशिक्षक असतात, त्यांच्यापेक्षा जास्त चांगलं हे कोण शिकवणार? आणि संपादक साहेब, दहावीच्या निकालाच्या वेळी तुम्ही करिअरची पानं काढता त्यात गणिताची ही अट ठळक छापा, अकरावीचे विषय निवडायच्या आत ती घराघरात पोचायला हवी.

आपली,
एक आर्किटेक्ट आणि शिक्षिका